दुसऱ्या तारेचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे आणि मी माणसाच्या हृदयात राहून आले आहे.

हृदयात म्हणजे अगदी आत नव्हे. हृदयावरून ज्या नसा जातात त्यांतल्या एकीत. त्या नसेतही नव्हे, तिला बाजूने फुटलेल्या फांदीत. आणि राहून म्हणजे कुणाचं सावकाश जेवण होईल एवढाच वेळ. 'जुनी' हा शब्द मात्र खरा आहे. पाकिटावरची मुदत संपत आली तेव्हा कुठे मला बाहेर काढलं.

तरीही तिथे मी जे केलं ते सांगण्यासारखं आहे. मी सूड घेतला. मुलांसमोर हा शब्द काढू नये म्हणतात. पण तुम्ही एकमेकांच्या दप्तरात ओला स्पंज ठेवता, त्याअर्थी शब्द तुमच्या ओळखीचा असावा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. पोलाद ओढून ओढून बारीक करत होते, इतकं आठवतं. माणसाच्या उंचीपेक्षा जास्त लांबी, गजऱ्याच्या दोऱ्याएवढी जाडी, आणि टोकाला इतकी मऊ स्प्रिंग की नसेच्या भिंतीला लागली तर आपणच वळावी. तपासणाऱ्या बाईंनी मला भिंगाखाली धरलं आणि "छान" म्हणाल्या. यापुढचं माझं कौतुक तुम्ही या गोष्टीत शोधू नका.

तिथून मी बोईसरला मेहुलभाई नावाच्या घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात आले. दुपारी वारा फिरला की तारापूरच्या कारखान्यांचा वास आत येई. माझं पाकीट हवाबंद होतं, पण बोईसरच्या वासाला हे कोणी कळवलं नव्हतं. मग एके दिवशी टेम्पोतून पालघरच्या एका हॉस्पिटलात. नाव सांगत नाही, माझा मुक्काम अजून तिथेच आहे.

तिथल्या कपाटात मी खालच्या कप्प्यात पडून होते. वरच्या कप्प्यात स्टेंट. स्टेंट म्हणजे जाळीची बारीकशी नळी. नस आतून चोंदली की ती तिथे नेऊन फुगवून बसवतात. मग ती आयुष्यभर तिथेच, काढता येत नाही. तिचा थाट विचारू नका. तिच्या नावाचं स्टिकर फाइलवर लागतं, पेशंटला तिचं कार्ड मिळतं, आणि ते कार्ड लोक लग्नाकार्यात खिशातून काढून दाखवतात. स्टेंट ज्या तारेवरून जातो ती पहिली तार. तिलाही मान असतो.

मी दुसरी तार.

माझं काम असं. जिथे नस चोंदलेली असते तिथेच कधी तिला फांदी फुटलेली असते. मोठ्या नसेत स्टेंट फुगवला की तिथला चिकट गाळ बाजूला दाबला जातो, आणि बाजूला असतं फांदीचं तोंड. मोठी नस झकास उघडते, फांदी बंद पडते. हे होऊ नये म्हणून आधीच फांदीत एक तार ठेवायची. स्टेंट फुगला की ती तार जाळी आणि भिंत यांच्यामध्ये चेंगरते. चेंगरलेली असली तरी तोंड धरून राहते. सगळं पार पडलं की तिला हळूच ओढून काढायची आणि टाकून द्यायची. फांदी वाचली, या गोष्टीचे पेढे वाटलेले मी कधी पाहिले नाहीत.

कपाटाचं दार उघडे, हात खालच्या कप्प्यापर्यंत येई, आणि बाहेरून आवाज येई, "फांदी अगदीच बारीक आहे, दुसरी वायर राहू द्या." हात परत जाई. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. पण विसरलेही नाही.

एका सकाळी मेघाली सिस्टरनी आजच्या पेशंटची फाइल उघडली आणि त्या स्टुलावर बसल्या. त्या सहसा बसत नाहीत. मशीनवर बसणारा चिराग बोईसरचा, त्याच्या बोलण्यात निम्मी हिंदी.

"क्या हुआ, सिस्टर? चेहरा असा का?"

"काका आहेत माझे. सख्खे. माहीमचे तात्या."

"अरे! मग बाहेर जाऊन भेटा ना."

"दोन वर्षं बोलणं नाही."

आणि ट्रॉलीवर एकेक वस्तू मांडता मांडता त्यांनी जे सांगितलं, ते मी पाकिटातून ऐकलं.

माहीमला, म्हणजे मुंबईच्या नव्हे, पालघरजवळच्या, तात्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, प्रदीपची, शेजारी शेजारी वाडी. विहीर वडिलोपार्जित, दोघांची. विहिरीचं पाणी मोठ्या पाटाने तात्यांच्या केळी-सुपारीतून जातं, आणि त्या पाटाला एक फाटा फुटतो तो प्रदीपच्या पानवेलीकडे. प्रदीप वारला. वाडी त्याची बायको सुलू बघू लागली. सुलू म्हणजे मेघाली सिस्टरांची आई. त्याच उन्हाळ्यात तात्यांनी मातीचा पाट सिमेंटचा करायला घेतला.

"पाट सिमेंटचा करताना आमच्याकडे फाट्याच्या तोंडात बांबूचा दांडा घालून ठेवतात," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर गिलावा ओघळून तोंडात बसतो. सिमेंट धरायला लागलं की दांडा फिरवून काढून घ्यायचा. गवंडी होता सुका, मासवण गावचा. त्याने विचारलं, तात्या, हितं दांडा घालू काय? तर तात्या म्हणाले, राहू दे रे, उगाच बांबू कशाला फुकट घालवतो."

"मग?"

"मग काय. पाट झाला गुळगुळीत. आमचा फाटा त्यात दिसेनासा झाला. आई विचारायला गेली तर म्हणाले, चुकून बुजला गो, बघू पुढच्या वर्षी. पानवेल पुढच्या वर्षाची वाट बघते का? आईने हंड्याने पाणी घातलं. जेवढं घालता आलं तेवढं. आता नुसता मांडव उभा आहे."

चिरागने मशीनवरून मान वर केली. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "तो आज आपके हाथ में है."

"पेशंट आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे पेशंट आहेत. छातीला लावायच्या लीड काढून ठेव."

मित्रांनो, सिस्टरना सूड घेता येत नाही. त्यांनी शिकताना हातात मेणबत्ती धरून शपथ घेतलेली असते. मी कसलीच शपथ घेतलेली नव्हती.

तात्यांना आत आणलं. पहाटेपासून छातीत दुखत होतं, आता घाम होता. पण ही शस्त्रक्रिया नव्हे. पेशंट जागा असतो, मनगट तेवढं बधिर करतात आणि तिथून हृदयापर्यंत नळी नेतात. जागा वाडीवाला गप्प पडून राहत नाही. टोपी, मास्क, गाऊन यांच्यामागे कोण आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

"हात हलवू नका," सिस्टर म्हणाल्या.

"नाय हलवत. तू कुठली गो?"

"माहीमची."

"आमच्या माहीमची? बरं झालं, घरचं माणूस भेटलं. कोणाची गो?"

सिस्टरनी मनगटावरची चादर नीट केली. "प्रदीपची."

मशीनवर तात्यांच्या ठोक्यांचा आवाज चालू होता. तो वाढला.

"सर," चिराग पडद्याकडे बघत म्हणाला, "रेट वाढला."

"वाढणारच," डॉक्टर दर्पण म्हणाले. ते पडद्यावरच्या नसा बघत होते, माणसांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "तात्या, मोठी नस चोंदली आहे. स्टेंट बसवू. त्याच जागी एक फांदी आहे, चांगली धष्टपुष्ट. सिस्टर, दुसरी वायर द्या."

पाकीट फाटलं. इतक्या काळानंतर मी उजेड पाहिला. म्हणजे ट्यूबलाइट.

"दुसरी कशाला?" तात्यांनी विचारलं.

डॉक्टरांना समजावून सांगायची हौस होती. "स्टेंट फुगला की गाळ फांदीच्या तोंडात जातो. म्हणून तोंडात तार ठेवायची. नंतर काढून घ्यायची."

तात्या छताकडे बघत राहिले. सिमेंटच्या कामातलं त्यांना कळत होतं.

"आणि नाय ठेवली तर?"

"तर मोठी नस मस्त वाहील. फोटो सुंदर येईल. फांदी बंद पडेल."

"मग?"

"मग तिच्यावर हृदयाचा जेवढा भाग जगतो तेवढा सुकेल."

"पानवेलीसारखा," सिस्टर म्हणाल्या आणि मला डॉक्टरांच्या हातात दिलं.

"उदाहरण छान आहे," डॉक्टर म्हणाले. "तात्या, ठेवायची ना?"

"ठेवा," तात्या म्हणाले. फार बारीक आवाजात. "ठेवा, डॉक्टर. राहू दे नका म्हणू."

मी गेले. मनगटातून वर, खांद्याला वळसा घेऊन, खाली हृदयाच्या दाराशी. पहिली तार आधीच मोठ्या नसेत ऐटीत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी बाजूच्या फांदीत वळले. अरुंद, अंधारी, पण आत रक्त खळखळत होतं. कोणी कधी विचारपूस न केलेली जागा. मला ती एकदम घरची वाटली. सुलूबाईंची वाडीही, पाणी होतं तेव्हा, अशीच असणार.

मग स्टेंट आला. डॉक्टरांनी तो फुगवला. जाळी माझ्या अंगावर चढली, भिंत पाठीला लागली आणि मी मध्ये चेंगरले. गाळ दाबला गेला, फांदीच्या तोंडाकडे सरकला, आणि तोंडात मला बघून थांबला. तात्यांची छाती क्षणभर दुखली, मग मोकळी झाली. पडद्यावर मोठी नस भरून वाहत होती. फांदीसुद्धा.

"फर्स्ट क्लास," डॉक्टर म्हणाले. कोणाला, ते तुम्ही ओळखलं असेल.

आता मला काढायची वेळ. डॉक्टरांनी बोटांच्या चिमटीत धरून मला हळूच ओढलं.

मी निघाले नाही.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं ते सांगते. खालचा कप्पा आला. 'राहू द्या' आलं. बांबूचा तो न तोडलेला दांडा आला, जो फाट्यात असता तर माझाच भाऊ लागला असता. हंडे वाहणारी एक बाई आली, जिला मी पाहिलेलंही नव्हतं. मी टाच रोवली. तारेला टाच नसते हे मला ठाऊक आहे, पण मी रोवली.

डॉक्टरांनी पुन्हा ओढलं. मी हूं की चूं केलं नाही.

"काय झालं?" तात्या.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर 'काही नाही' म्हणाले की पेशंटला सगळं कळतं.

"अडकली ना?"

"जरा थांबू. जोर लावायचा नाही. जोर लावला तर तुटते."

हे वाक्य त्यांनी चिरागला सांगितलं होतं. ऐकलं तात्यांनी. मशीनचा आवाज धावायला लागला.

"मेघाली," तात्या म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव निघत होतं. "मेघाली बाय, आईला सांग, फाटा उघडतो."

"काका, बोलू नका. छाती हलते."

"उघडतो म्हटलं ना! सुकाला बोलावतो नि उघडतो."

"चिरागला ऐकू आलं नाही, काका."

"चिराग कोण?"

"मी, मी," मशीनमागून हात वर झाला.

"चिरागभाय, फाटा उघडतो! सुलूचा फाटा!"

"सुना," चिराग म्हणाला. "एकदम क्लिअर."

"कसला फाटा?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरचा आहे, सर," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्या अंगावरून एक बारीक नळी सरकवत जाळीच्या तोंडापर्यंत आणली आणि पुन्हा ओढलं. मी विचार केला. माणूस साक्षीदारासमोर कबूल झाला आहे. यापुढे छळलं तर तो सूड राहणार नाही, नुसता हट्ट होईल. मी टाच सैल केली आणि बाहेर आले. टोक कायमचं वाकडं झालं, पण मी अख्खी होते. फांदी वाहत होती.

तात्यांना स्टेंटचं कार्ड मिळालं. तात्यांच्या घरून पेढे आले, सगळ्यांनी स्टेंटच्या नावाने खाल्ले. मला तुम्ही कचऱ्याच्या पिशवीत कल्पाल, पण डॉक्टरांना माझं वाकडं टोक आवडलं. मला धुऊन, निर्जंतुक करून त्यांनी एका पारदर्शक डबीत ठेवलं आणि डबी तपासणीच्या खोलीत टेबलावर. पेशंटना समजावून सांगायला बरी पडते म्हणाले. अशी मी नोकरीला कायम झाले.

काही दिवसांनी तात्या तपासणीला आले. गालांवर रंग, पायांत नवे बूट. सिस्टर त्यांच्या दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा गुंडाळत होत्या.

"काका, सुकाला निरोप दिला?"

"कसला निरोप?"

"फाट्याचा."

"अगो, तेव्हा मी गुंगीत होतो. गुंगीतला माणूस काय पण बोलतो."

"गुंगी दिलीच नव्हती. नुसतं मनगट बधिर केलं होतं."

"मग मनगट बोललं असेल."

सिस्टरनी पट्टा घट्ट केला. त्यांनी हात लांब करून माझी डबी उचलली आणि तात्यांच्या समोर ठेवली.

"ही काय?"

"तुमची तार."

तात्या वाकले. खिडकीतून ऊन येत होतं. मी माझं वाकडं टोक जरासं चमकवलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

"सगळी काढली ना?"

"सगळी. आता फाट्याचं तेवढं राहिलं."

ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं.

पुढचं सगळं मी सिस्टर चिरागला चहा पिता पिता सांगत होत्या तेव्हा ऐकलं. सुका मासवणहून आला, छिन्नी-हातोडी घेऊन. पाटाचा गिलावा फोडला तर खाली फाट्याचं जुनं तोंड तसंच होतं, मातीने भरलेलं. सुलूबाई पदर खोचून काठावर उभ्या. तात्या सावलीत खुर्चीवर.

"दांडा नाय घालत आता," सुका म्हणाला. "पाइपच बसवून टाकतो सिमेंटात. परत कोण बुजवायला नको."

"पाइप जाड घाल रे," सुलूबाई म्हणाल्या.

"जाड कशाला?" तात्या. "तेवढ्या पानवेलीला बारीक पुरे."

"भावोजी, छाती कशी हाय आता?"

तात्यांनी खिशातल्या कार्डाला हात लावला. "घाल रे बाबा. जाड घाल."

पाणी सोडलं तेव्हा सुलूबाई तिथून हलल्या नाहीत. पाणी पानवेलीच्या मांडवापर्यंत पोचलं, तेव्हा त्यांनी तात्यांना चहा विचारला. बिनसाखरेचा. आणि कप हातात देताना म्हणाल्या, "साखर चुकून राहिली हो. बघू पुढच्या वर्षी."

चिराग इतका हसला की चहा त्याच्या नाकात गेला. मी डबीत सरळ होऊन ऐकत होते, टोक सोडून.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपवून मी उपदेश करायला हवा. तो करते. मोठा पाट सगळे बांधतात, त्याचं उद्घाटनही होतं. तुम्ही मोठे व्हाल, रस्ते कराल, पाट कराल, कोणी डॉक्टर होऊन नसाही उघडाल. तेव्हा काम सुरू करायच्या आधी बाजूच्या तोंडात काहीतरी घालून ठेवा. बांबू चालेल, तार चालेल, आपलं बोट चालेल. 'राहू दे' म्हणू नका. त्या बाजूला कोणीतरी राहत असतं, आणि ते लक्षात ठेवतं.

इथे थांबले असते तर सगळं शोभलं असतं. पण परवा तात्या पुन्हा आले.

या वेळी ते हळवे झाले होते. डबी त्यांनी स्वतःच जवळ ओढली आणि डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टर, खरं सांगतो. ही तार माझ्या कर्मानं अडकली होती. भावाच्या बायकोचं पाणी तोडलं होतं मी. कबूल झालो तेव्हा सुटली."

मी डबीत ताठ झाले. सिस्टर पट्टा गुंडाळता गुंडाळता थांबल्या.

"कर्म कसलं हो," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "कॅल्शियम. तुमच्या नसेत साठलेलं आहे, त्यात तार अडकते कधी कधी. नळी सरकवली, सुटली. पुस्तकात दिलेलं आहे."

"म्हणजे मी नसतो बोललो तरी…"

"निघाली असतीच. मीठ कमी केलं का?"

तात्यांनी माझी डबी दूर सारली. मग त्यांनी फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकरवर बोलतात.

"सुका? तात्या बोलतोय. तो पाइप निघेल काय रे?"

पलीकडे कुठेतरी सिमेंट कालवल्याचा आवाज येत होता.

"नाय ओ, तात्या."

सिमेंट धरलं होतं.